सहा टाके

दिराची म्हैस मेली आणि शेवंतीबाई पाड्याची डाकीण झाली. दिरानंच तिच्या कपाळात दगड घातला. सहा टाके पडले. रविवारच्या प्रार्थनेत देवपूरहून आलेल्या पास्टरांनी नेमका त्या टाक्यांवरच तळहात दाबला आणि आरोळी ठोकली, "येशूच्या नावानं सांगतो, सैताना, हिला सोड!" पहिल्या रांगेत बसलेला दीर सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हणाला. ते ऐकून शेवंतीबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या नावाच्या आधारानं ती आजवर जगली, त्याचाही यांनी दगड केला! तिनं पास्टरांचं मनगट धरलं, त्यांना ओढत नेलं आणि तोच हात दिराच्या डोक्यावर ठेवला. "सैतान मन्हा आंगमा नही, आठे शे. आते याले सांगा!" पास्टरांनी टाक्यांकडे पाहिलं. मग न ओरडता म्हणाले, "सैताना, याला सोड." दिराची मान खाली गेली. "आमेन" एकटी शेवंतीबाई म्हणाली.