गच्चीवरचा जावई

जीपीएसची नवी पेटी बसवली, तरी स्क्रीनवर उपग्रहांचा आकडा शून्यच. तंत्रज्ञाने कपाळाला हात लावला.

गच्चीवरच्या नेटच्या टॉवरवरचे रेडिओ आळीपाळीने बोलतात. पाळी कुणाची, हे उपग्रहाकडून येणाऱ्या वेळेवर ठरतं. ती वेळ हुकली की लग्नघरासारखे सगळे एकदम बोलतात आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. भागातल्या घराघरांतलं नेट असंच गोंधळलं होतं.

वायर हाताने चाचपत तो गच्चीच्या कठड्याशी आला. तिथे एक पातेलं पालथं घातलेलं होतं. वर वीट.

त्याने पातेलं उचललं. खाली वाटीएवढा पांढरा अँटेना. त्याला हसू आलं. हा त्यानेच बसवला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तेव्हा या घरचे काका शिडी धरून उभे होते. "हा करतो काय?" त्यांनी विचारलं होतं. "काही नाही, नुसता आभाळाकडे बघत बसतो. पण रुसला तर सगळं ठप्प." काका खो खो हसले होते. "म्हणजे जावईच की." पुढे तो केव्हाही आला, की काका दारातूनच सांगायचे, "जावईबापू मजेत आहेत. सकाळीच पुसलंय त्यांना."

मागून काकू जिना चढून आल्या. काकांना जाऊन तीन महिने झाले होते, हे त्याला आजच दारात कळलं होतं.

"पातेलं मीच ठेवलं," त्या म्हणाल्या. "गारा पडणार असं बातम्यांत म्हणत होते. हे जाताना सांगून गेले, जावयाला जप."

"काकू, झाकलं की त्याला आभाळ दिसत नाही."

स्क्रीनवर एकेक उपग्रह उगवू लागला.

"म्हणजे नेट बंद होतं?"

"आठवडाभर. सगळ्या भागाचं."

"परदेशातून येणारे व्हिडिओ कॉलसुद्धा?"

"ते तर लागतच नसणार."

काकू कठड्याला टेकल्या. मग पदराने डोळे पुसत हसल्या.

"आणि मला वाटत होतं, बाप गेला तसं पोराने आईलाही सोडलं."