सोनलचं जिरेनियम

खड्डा भरत आला होता. हौशीरामनं उपटलेल्या रोपांचं शेवटचं घमेलं उपडं केलं आणि वळून बघितलं. त्याची बायको सरूबाई शेडच्या दारात तेलाचा जुना डबा मांडीवर घेऊन बसली होती. डब्यात जिरेनियमचं झाड होतं. त्याचंही खोड मातीलगत काळं पडलं होतं.

आठ दिवस झड लागून राहिली होती आणि अवसरीच्या त्यांच्या रोपवाटिकेत जिरेनियमवर रोग शिरला होता. आधी पानांच्या कडा पिवळ्या झाल्या, मग खोडं बुडापासून मऊ पडत गेली. पानावर तपकिरी कडं असलेली उभी झाडं गेली, टांगत्या कुंड्यांतली वेलासारखी लोंबणारीही गेली. कृषी सहायक येऊन बघून गेला. सगळी रोपं मातीसकट पुरा, चाकू उकळून घ्या, आणि मायेपोटी एकही झाड मागं ठेवू नका, असं त्यानं बजावलं होतं. एक जरी राहिलं तरी पुढच्या साली हेच होणार.

सरूबाईनं सकाळपासून मुकाट्यानं तीनशे रोपं उपसून दिली. या एका झाडाला मात्र ती हात लावू देईना.

ते सोनलचं झाड होतं. शेतकी पदविकेला असताना ती सहलीला गेली आणि ओल्या रुमालात गुंडाळून एक काडी घेऊन आली. मिरची-झेंडूची रोपं करणाऱ्या आईबापांना तिनंच शिकवलं. चार बोटांची काडी घ्यायची, दिवसभर सावलीत ठेवून तिची जखम सुकू द्यायची, मग वाळूत खोचायची. पाणी बेतानं घालायचं. हे झाड तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरतं. त्याच वर्षी डेंगीनं सोनल गेली. एकोणीस वर्षांची होती. पुढं निम्मी रोपवाटिका या डब्यातल्या झाडाच्या काड्यांवर उभी राहिली. सरूबाई रोज सकाळी त्याची पानं पुसायची.

हौशीराम शेजारी येऊन बसला. सहा वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट त्याच्या घशाशी आली होती. ती सांगितली तर बायकोचा उरलासुरला आधार जाणार होता. न सांगावी तर ती हे सडलेलं झाड कवटाळून बसणार होती, आणि त्याच्यामागं पुढच्या साली लावलेलं सगळं सडणार होतं.

"सरू, हे सोनीचं झाड न्हाई," तो म्हणाला.

मग त्यानं खाली बघत सगळं सांगितलं. सोनल गेल्यावर तिसऱ्या महिन्यात सरूबाईला तिचा भाऊ पंधरा दिवस पारगावला घेऊन गेला होता. घरात एकटा हौशीराम उरला. करण्यासारखं दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून तो त्या झाडाला पाणी घालत राहिला. सकाळी घातलं, दुपारी घातलं, संध्याकाळी घातलं. पोरीनं सांगितलेलं ठाऊक असूनही हात थांबला नाही. बाराव्या दिवशी झाड मुळासकट त्याच्या हातात आलं. त्यानं जुन्नर गाठलं. तिथल्या चांदभाईच्या रोपवाटिकेत तसंच गुलाबी फुलाचं झाड शोधलं, एसटीत मांडीवर धरून आणलं आणि सरूबाई यायच्या आत त्याच डब्यात लावलं.

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर कायमची बोलायची थांबेल.

सरूबाईनं पानांवरून बोट फिरवलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "सोनीच्या झाडाचं पान चोळलं की लिंबावानी वास यायचा. पारगावावरनं आले त्याच दिवशी मी पान चोळून बघितलं व्हतं."

मग सहा वर्षं ती काय पुसत होती, आत्ता काय वाचवत होती, हे हौशीरामला कळेना. तसं त्यानं अडखळत विचारलंही.

ती उठली. खड्ड्याच्या कडेला गेली, वाकली, आणि तो डबा तिनं आपल्या हातानं बाकीच्या रोपांवर आडवा ठेवला. वर दोन ओंजळी माती लोटली. पदराला हात पुसत ती त्याच्याकडं न बघता म्हणाली,

"पोरीचं झाड तवाच गेलं, अवं. मी जपत व्हते, ते तुमी माझ्यासाठी आणलेलं."