उस्तादांची चूक

“हाच घ्यायचा,” उस्ताद म्हणाले आणि काउंटरवरच्या चार थर्मोस्टॅटांपैकी एकावर त्यांनी बोट ठेवलं. “असे शेकड्यानं बसवलेत मी.”

फ्रिजच्या स्पेअर पार्टच्या त्या दुकानात उस्तादांनी बोट ठेवलं की विषय संपायचा. चाळीस वर्षं त्यांनी फ्रिज आणि शीतगृहं दुरुस्त केली होती. काउंटरपाशी एक स्टूल होतं, त्यावर ते सोडून कुणी बसत नसे. नव्या मालातला नग तपासून ते ‘पास’ म्हणाले की दुकानदार पुढचे सहा महिने त्या एका शब्दावर माल खपवायचा.

आज मात्र खरेदी फ्रिजसाठी नव्हती. घरी नऊ अंडी होती. सुनेची लाडकी कोंबडी अंड्यांवर बसण्याआधीच भटक्या कुत्र्यानं नेली त्याला सात दिवस झाले होते, आणि दोन-तीन दिवसांत ऊब मिळाली नाही तर तिची अंडीही वाया जाणार होती. म्हणून उस्तादांनी एका मेलेल्या फ्रिजची पेटी आडवी केली, आत बल्ब आणि पंखा बसवला, हवा खेळायला भोकं पाडली. आतली ऊब साडेसदतीस अंशांवर धरून ठेवणारा थर्मोस्टॅट तेवढा राहिला होता.

दुकानदार नग खोक्यात भरायला लागला.

“बाबा,” सोबत आलेली सून म्हणाली, “एकदा लावून बघायचा का?”

तिला या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ती कामापुरतंच बोलायची. दुकानदाराला गंमत वाटली. “सूनबाई, उस्तादांनी पसंत केलेला नग या दुकानात आजवर कुणी पुन्हा तपासला नाही बरं का.”

“बघू दे की,” उस्ताद म्हणाले. पण त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.

दुकानदारानं नग टेस्ट बोर्डाला जोडला. सुनेनं तो तिसावर ठेवायला सांगितला. दुकानातली हवा सव्वीस अंश होती, बोर्डावरचा बल्ब बंद. तिनं वायरच्या टोकाचा सेन्सर मुठीत धरला. आकडा हळूहळू चढत गेला आणि तीस ओलांडल्यावर टक् आवाज होऊन बल्ब पेटला.

“चालतोय की झकास,” दुकानदार म्हणाला.

सुनेनं मूठ तशीच ठेवून सासऱ्यांकडे पाहिलं. उस्तादांनी आधी बल्बकडे पाहिलं, मग तिच्या मुठीकडे.

“हा गरम झाल्यावर सुरू होतो,” ती हळूच म्हणाली. “फ्रिजला तेच हवं असतं. आपल्याला गार झाल्यावर सुरू होणारा हवाय. हा लावला तर पेटीतला बल्ब पेटायचाच नाही.”

दुकानदार उगाचच खोकी नीट लावू लागला. उस्तादांचे कान तापले. चाळीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट केली होती. गरम झालं की गार करा. बोट आपोआप तिकडेच गेलं होतं. ज्या काउंटरवर त्यांनी अख्ख्या बाजाराच्या चुका काढल्या, तिथेच त्यांची चूक निघाली, आणि तीही घरातल्या माणसानं काढली. खोटं कशाला बोला, त्यांना राग आला होता. पण मूठ धरून उभी राहिलेली ती पोर पाहून त्या रागाला काही धार येईना.

“तुला कसं कळलं?”

“तुम्हीच नाही का परवा सांगितलंत, शेजारच्यांचा फ्रिज बंद का होत नाही ते? तेव्हापासून मनातल्या मनात उलटं करून बघत होते.”

उस्ताद स्टुलावरून उठले. स्टूल त्यांनी तिच्याकडे सरकवलं. “बस.”

ती अवघडून टोकाशी बसली. दुकानदारानं वरच्या फळीवरून दुसरा नग काढला. हा गरम करायलाही चालत होता, हीटरवाले न्यायचे. जोडल्याबरोबर बल्ब पेटला. तिनं सेन्सर मुठीत धरला. तिसाला टक् झालं आणि बल्ब विझला. तिनं मूठ उघडली. आकडा साडेएकोणतिसावर उतरला तसा तो पुन्हा पेटला.

“पास?” दुकानदारानं सवयीनं उस्तादांना विचारलं.

“मला काय विचारतोस?”

दुकानदारानं सुनेकडे पाहिलं. “पास,” ती म्हणाली, आणि लाजून लगेच उठली.

बाहेर पडल्यावर उस्ताद सरळ घरी जातील तर शपथ. शेजारच्या घड्याळवाल्याला त्यांनी दारातूनच ऐकवलं, “चाळीस वर्षांत माझी चूक कुणाला सापडली नव्हती. माझ्या सुनेला सापडली.” शिंप्याच्या दुकानाशी तीच गोष्ट पुन्हा सांगून झाली, तेव्हा त्यांच्या सांगण्यात अंडी गारठून मेलीच होती. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत पोचेतो गोष्टीतल्या पेटीनं पेट घेतला होता आणि घर जेमतेम वाचलं होतं.

सून खोकं छातीशी धरून मागे उभी होती. इस्त्रीवाला तिच्याकडे टकामका बघायला लागला, तेव्हा तिला राहवेना.

“बाबा, एवढी मोठी नव्हती हो चूक.”

“तू गप गं,” उस्ताद म्हणाले. “माझी चूक काढलीस तू. ती काय लहानसहान असणार?”