कोंबडा छाप

कोंबडा छाप दोऱ्याचं लेबल दोरेवाल्याच्या बायकोने स्वतःच्या हाताने रंगवलेलं. वाचता न येणारं गिऱ्हाईकही त्या चित्रावर बोट ठेवून रीळ मागायचं. शेजारच्या व्यापाऱ्याने तसाच कोंबडा छापून कच्चा दोरा खपवायला सुरुवात केली, तेव्हा दुकान वाचवायला दोरेवाला गोऱ्या न्यायाधीशापुढे उभा राहिला.

समोरच्या वकिलाने दोन रिळं टेबलावर ठेवली. "उचला तुमचं. घरचा कोंबडा आहे, ओळखालच की."

दोरेवाल्याने दोन्ही रिळं उलटसुलट पाहिली, कपाळ पुसलं आणि एक उचललं. ते नकली निघालं.

"मालकच फसतो, तिथे गिऱ्हाईक काय ओळखणार?" न्यायाधीश म्हणाले आणि शेजाऱ्याचा कोंबडा कायमचा बंद झाला.

घरी बायको मात्र पाठ फिरवून बसलेली. "तुरा वाकडा आला म्हणून वीस वर्षं मला चिडवलंत. आणि आज भर कोर्टात माझा कोंबडा ओळखता आला नाही?"



"अगं, वाकडा तुरा लांबूनच दिसला. म्हणून तर दुसरा उचलला."