विचारा वहिनींना

साप्ताहिकातलं ‘विचारा वहिनींना’ हे सदर गेली अकरा वर्षं मी लिहितेय. भाजी खारट झाली, दूध उतू गेलं, बरणीचं झाकण अडकलं, काहीही होवो, लोक मला पत्र टाकतात आणि मी प्रत्येकाला बाळा-सोन्या करत उत्तर देते. घरी पोचेपर्यंत मात्र माझा पार पिट्ट्या पडलेला असतो.

परवा पर्स खाली ठेवते न ठेवते तोच नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा. “अगं, एक वाटी तांदळाला पाणी किती घालायचं?” ओट्यावर करपलेलं पातेलं भिजत पडलेलं, म्हणजे ते घासणंही माझ्याच राशीला. “दिवसभर हेच निस्तरून आलेय मी. आता तू तरी डोकं खाऊ नकोस!” असं खेकसून मी तशीच आडवी झाले. त्याने मुकाट्याने ब्रेड आणला.

आज ऑफिसात पत्रं फोडताना त्याचंच अक्षर हाताला लागलं. खाली सही होती, ‘आपला एक वाचक’.

“वहिनी, एक वाटी तांदळाला पाणी किती घालायचं? एकदा भाताचा चिखल झाला, एकदा खाली लागला. बायको दमून येते, ती यायच्या आत गरम भात तयार ठेवावा म्हणतो.

तिलाच पुन्हा विचारणार होतो, पण तुम्ही कुणावर चिडत नाही असं ऐकलंय.”