बँकेतले साहेब

‘काय काम करता?’ म्हाताऱ्यानं गळ्याभोवती कापड बांधता बांधता विचारलं.

‘बँकेत आहे,’ तो म्हणाला.

धादांत खोटं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सलूनमध्ये तो कारागीर होता. आठवड्याचे सहा दिवस सकाळी नऊपासून उभा राहून लोकांची डोकी हाताळायचा, दिवसाला तीस तरी. सातव्या दिवशी सुट्टी. खोलीवरचे दोघं सोबती सुट्टीला कपडे धुतात, घरी फोन लावतात, घोरतात. हा महाशय दोन बस बदलून, आपल्याला कोणी ओळखणार नाही अशा गल्लीत येऊन केस कापायला बसला होता. खोलीवर कळलं असतं, तर हसून हसून दोघांची पोटं दुखली असती.

खरी गोष्ट एवढीच, की या परक्या देशात आल्यापासून दोन वर्षांत त्याच्या डोक्यावरून कोणी सावकाश हात फिरवला नव्हता. केस वाढले की शेजारच्या खुर्चीवरचा कारागीर मशीन फिरवायचा, गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, चार मिनिटांत. आज त्याला स्वतःला गिऱ्हाईक व्हायचं होतं. निवांत, पोटभर. आणि हा आपल्यातलाच आहे हे एकदा म्हाताऱ्याला कळलं, की संपलं सगळं. मग धंद्याच्या गप्पा, मालकाच्या कागाळ्या, कात्री कुठून घेतलीस नि धार कुठे लावतोस. म्हणून बँक.

दुकान दोन खुर्च्यांचं, दुसरी रिकामी. काचेतून दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. म्हाताराही बाहेरचाच, कुठल्या देशातून आलेला कोण जाणे. शहराची भाषा दोघंही मोडकीतोडकी बोलत होते, त्यामुळे एकमेकांचं छान समजत होतं. कारागिरानं आरशातून त्याला निरखलं. सवय जाते कुठे! कंगवा घ्यायला म्हातारा वळला, तेव्हा त्याची मान दिसली. मागचे केस उंदरानं कुरतडल्यासारखे, डावीकडे आखूड, उजवीकडे लांब. झालं कल्याण, तो मनात म्हणाला. मग स्वतःलाच दटावलं, गप बस, आज तू बँकेत आहेस.

पण हात चांगला होता. आधी पाण्याचा फवारा, मग बोटं. घाई म्हणून नाहीच. एकेक बट धरून म्हातारा क्षणभर थांबायचा, जणू तिला विचारून कापत होता. त्यानं सांगायच्या आतच कारागिरानं मान झुकवली, कानाशी कात्री आली तसं डोकं आपणहून कलतं केलं. बाहेर कुठेतरी एक बस थांबली आणि गेली. कात्रीचा आवाज लांब लांब जाऊ लागला.

आई उंबऱ्यात बसली होती आणि त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ‘हलू नको मेल्या, सापडली होती, गेली ना!’ असं म्हणून ती पुन्हा केसांतून ऊ शोधायला लागली. ती ऊ कधी सापडूच नये, असं त्याला फार फार वाटलं. मग मांडीची खुर्ची झाली. खुर्चीत बाबा बसले होते आणि कात्री त्याच्या हातात होती. तो कापत होता, कापत होता, आणि बाबांचे केस तेवढेच राहत होते, काळे, दाट. त्याला कुठे जायचं नव्हतं. बाबांनाही नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन फरशीवरून भिंतीवर गेलं होतं. केस केव्हाच कापून झाले होते. म्हातारा शेजारच्या खुर्चीत बसून त्याच्याकडेच बघत होता.

‘उठवायचं नाही का, काका?’ तो ओशाळून म्हणाला.

‘साहेब झोपले होते. पण साहेबांचा हात कामावर होता.’ म्हाताऱ्यानं त्याच्या अंगावरच्या कापडाकडे बोट केलं आणि आपला अंगठा नि बोट उघडमीट करून दाखवलं, कच, कच, कच. ‘तासभर चाललं होतं आतल्या आत. काय रे लेका, बँकेत नोटा कात्रीनं मोजतात का?’

कारागिराचं तोंड एवढंसं झालं. आता सुरू होणार, त्याला वाटलं, कुठलं सलून, कोण मालक. इतक्या दिवसांनी मिळालेली दुपार हातची गेली म्हणून त्याला खरंच वाईट वाटलं. त्यानं गळ्याचं कापड स्वतःच सोडलं, झटकलं आणि घडी घालायला घेतली. घडीही अगदी कारागिरासारखीच पडली.

पण म्हातारा उठला, दारावरची पाटी उलटी केली, त्याच्या हातातून ते कापड घेतलं आणि खुर्चीत बसून आपल्याच गळ्याशी धरलं.

‘सतरा वर्षं झाली मला इथे,’ तो आरशाकडे बघत म्हणाला. ‘पुढचं जमतं रे. मागचं दिसत नाही.’

‘काका, आज सुट्टी आहे माझी.’

‘म्हणून तर. कामाच्या दिवशी दहा मिनिटांत उठवलं असतंस मला.’

कारागिरानं मागे उभं राहून कापडाची गाठ बांधली. उजव्या हातात कात्री घेतली आणि डोकं सरळ करायला नेहमीसारखा डावा तळवा त्यावर ठेवला. तेवढ्यानंच म्हाताऱ्याचे डोळे मिटले.

कारागीर थांबला. मग त्यानं कात्री आवाज न करता आरशाखालच्या फळीवर ठेवली आणि दुसरा हातही त्या डोक्यावर ठेवला.