अडकलेला शेल

कोड लिहायच्या एडिटरमध्ये शेल, म्हणजे कमांड द्यायची खिडकी, उघडला की नुसता कर्सर लुकलुकायचा. कमांड टाइप करा, एंटर मारा, ढिम्म हलायचा नाही. एडिटरबाहेर तोच शेल मुकाट चालायचा. तीन दिवसांत मी एडिटर दोनदा नव्याने टाकला. शेवटी निवृत्त झालेल्या खांबेटे मॅडमना फोन लावला. हा कॉम्प्युटर आधी त्यांचा होता.

“अगं, तो उत्तराची वाट बघतोय. एडिटरमध्ये शिरले की मला जेवणाचं भान राहायचं नाही, शुगर उतरायची. म्हणून शेल सुरू होताना जी फाइल वाचतो, तिच्यात मीच एक ओळ घातली होती. एडिटरमधून उघडला, तरच शेल आधी ‘जेवलात का?’ विचारतो, ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. नव्या एडिटरमध्ये प्रश्न दिसत नसेल. काढून टाक ती ओळ. मला काय, आता घरी वेळच वेळ आहे.”

मी ‘हो’ टाइप केलं. शेल सुरू झाला. माझा डबा अजून बॅगेतच होता. घड्याळात तीन वाजले होते.

“मॅडम, तुम्ही जेवलात का?”

पलीकडून ‘हो’ काही आलं नाही. फोन चालू होता, रेंज पूर्ण होती. काय बिघडलंय ते कळायला या वेळी मला तीन दिवस लागले नाहीत.